साक्षीदाराची उलटतपासणी

१९०८ सालचं वैद्यकाचं नोबेल पारितोषिक इल्या मेचनिकॉफ आणि पॉल एर्लिश यांना विभागून दिलं गेलं. शरीर रोगजंतूंशी कसं लढतं, या एकाच प्रश्नाला दोघांची उत्तरं वेगळी होती. मेचनिकॉफ म्हणत, पेशी जंतूंना गिळतात. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे खुपसून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर हिंडत्या पेशींनी काट्यांभोवती गराडा घातला होता. एर्लिश म्हणत, खरं काम रक्तात विरघळलेले पदार्थ करतात. कुलुपात किल्ली बसावी तसे ते विषाला नेमके चिकटतात. या पदार्थांना आपण आज प्रतिपिंडं म्हणतो, आणि करोनाच्या साथीनंतर ‘अँटीबॉडी’ हा शब्द चहाच्या टपरीवरही परका राहिलेला नाही. नोबेल समितीने दोघांनाही मान दिला. पुढच्या संशोधनाने दोघांचंही बरोबर होतं हे दाखवलं.

पेशीचं गिळणं आणि प्रतिपिंडाचं चिकटणं हे दोन धागे त्या काळी दोन विरुद्ध छावण्यांचे झेंडे होते. पाऊणशे वर्षांनी ते एकमेकांत विणले गेले. ते कसे, हे मला या लेखात सांगायचं आहे. पेशीविज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. फळ्यावर मी पेशीच्या गिळण्याची आकृती असंख्य वेळा काढली. त्या आकृतीतलं एकेक प्रथिन ‘तिथे आहे’ हे आपल्याला कळलं कसं, हा प्रश्न मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो. बहुतेक वेळा त्याचं उत्तर एकच असतं: एका प्रतिपिंडाने सांगितलं म्हणून. इथे प्रतिपिंड लढवय्या नसतं, साक्षीदार असतं. आणि साक्षीदार म्हटला की उलटतपासणी आलीच.

आधी गिळण्याविषयी. पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचं अतिपातळ पटल असतं. बाहेरची मोठी वस्तू आत घ्यायची तर पेशी त्या पटलाला दार पाडत नाही. पटलच आत दबतं, खळगी पडते, खळगी खोल होऊन तिची पिशवी बनते आणि पिशवी देठापाशी तुटून आत तरंगू लागते. या सगळ्या प्रकारांना मिळून ‘एंडोसायटोसिस’ हे नाव बेल्जियन शास्त्रज्ञ ख्रिस्तियान द द्यूव यांनी १९६३ मध्ये दिलं. लोह, कोलेस्टेरॉल, कित्येक संप्रेरकं याच वाटेने आत जातात. कित्येक विषाणूही याच वाटेने घुसतात.

नाव पडलं त्याच्या पुढच्याच वर्षी या वाटेचं एक स्वच्छ चित्र मिळालं, तेही डासाकडून. हार्वर्डमध्ये थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर एडिस इजिप्ती या डासाच्या मादीची अंडपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. हाच तो डास, ज्याच्यापायी पावसाळ्यात आपल्याकडे महापालिकेचे लोक घरोघरी कुंड्या आणि पिंपं तपासत फिरतात. मादीने रक्त प्यायलं की अंड्यात बलक भरायला सुरुवात होते. त्यानंतर ७ तासांत अंडपेशीच्या पृष्ठभागावरच्या खळग्यांची संख्या १५ पट झाल्याचं त्यांना दिसलं. प्रत्येक खळगीच्या आतल्या बाजूला ब्रशच्या केसांसारखं काहीतरी उभं होतं. हे ‘केस’ कशाचे, ते चित्रावरून समजणार नव्हतं.

१९६९ मध्ये जपानच्या कानासेकी आणि कादोता यांनी गिनीपिगच्या मेंदूतून अशा पिशव्या वेगळ्या काढल्या आणि कोडं अर्धं सुटलं. ते केस नव्हतेच. ती जाळी होती, पंचकोन आणि षटकोनांची विणलेली, आणि पिशवी तिच्यात टोपलीत ठेवल्यासारखी बसली होती. बुरूडआळीत दुरडी विणताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे चित्र डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. कामट्या एकमेकींत अडकत जातात आणि सपाट तळ हळूहळू वर वळतो.

आता १९७५ साल. स्थळ केंब्रिज, हिल्स रोडवरची मेडिकल रिसर्च कौन्सिलची रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळा. तिथे बार्बरा पिअर्स यांनी डुकरांच्या मेंदूतून या टोपल्या शुद्ध स्वरूपात मिळवल्या आणि दाखवलं, की टोपली मुख्यत्वे एकाच मोठ्या प्रथिनाची आहे. पुढच्या वर्षी त्यांनी त्याचं नाव ठेवलं क्लॅथ्रिन. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जाळी, गज. नंतर १९८१ मध्ये कळलं, की या विणकामाची कामटी तीन पायांची असते: तीन लांब साखळ्या मध्यभागी जुळलेल्या, प्रत्येकीला एक छोटी साखळी जोडलेली. फुटबॉलवर काळे पंचकोन मोजले तर १२ भरतात. क्लॅथ्रिनचा पिंजरा लहान असो की मोठा, तो पुरता बंद व्हायचा तर पंचकोन १२च लागतात. भूमितीचा नियम चेंडूलाही सुटत नाही आणि पेशीलाही.

त्याच वर्षी, त्याच संस्थेत, सीझर मिलस्टाइन आणि जॉर्ज कोलर यांनी प्रतिपिंडांचा इतिहास बदलला. मिलस्टाइन अर्जेंटिनाचे. मायदेशातल्या लष्करी उलथापालथीत संशोधन अशक्य झालं म्हणून ते केंब्रिजला परतले होते. कोलर जर्मन, तिशीही न ओलांडलेले. त्यांनी काय केलं हे समजायला आधीची पद्धत पाहावी लागेल, आणि त्यासाठी केंब्रिजहून आपल्या परळला यावं लागेल.

मेचनिकॉफ यांचा ओडेसातला विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन प्लेगच्या साथीत मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच्या नावाने परळला उभ्या असलेल्या संस्थेची पुढची एक ओळख म्हणजे सर्पदंशावरचा प्रतिविष रक्तद्रव. घोड्याला सापाचं विष अगदी थोड्या प्रमाणात टोचत जायचं, घोड्याचं शरीर विषाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, मग त्याचं रक्त काढून द्रव वेगळा करायचा. माणसाचा जीव वाचवायला हे उत्तम. मात्र त्या द्रवात एका प्रकारचं प्रतिपिंड नसतं, त्यांचा जमाव असतो. कुणी विषाच्या एका भागाला चिकटणारं, कुणी दुसऱ्या, आणि कितीतरी भलत्याच गोष्टींना चिकटणारी. शिवाय तो घोडा मेला की तसाच द्रव पुन्हा मिळत नाही. औषध म्हणून जमाव चालतो. साक्षीला जमाव उभा करून चालत नाही.

कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकट्या साक्षीदाराला वेगळं काढलं. उंदराच्या प्लीहेतली एक पेशी एकाच प्रकारचं प्रतिपिंड बनवते, पण बशीत फार दिवस जगत नाही. कर्करोगाची पेशी अमर असते. त्यांनी दोघींचा संकर केला. जन्मलेली पेशी एकच प्रतिपिंड बनवते आणि अखंड वाढत राहते. १९७५च्या ऑगस्टमध्ये हा शोध छापून आला. त्याचं पेटंट घेतलं गेलं नाही. मिलस्टाइन मागेल त्याला पेशी पाठवत राहिले. १९८४ मध्ये दोघांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल मिळालं. या फुकट वाटपाकडे मी परत येणार आहे, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे.

म्हणजे जाळीचं प्रथिन आणि त्याला शोधू शकणारं साधन, दोन्ही एकाच वर्षी, एकाच छपराखाली हाती आली. त्यांची गाठ पडायला आणखी दहा वर्षं जावी लागली.

मधल्या काळात ही जाळी कुतूहलापुरती राहिली नव्हती. अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन अशा घराण्यांचा अभ्यास करत होते, ज्यांच्यात कोवळ्या वयात हृदयविकार येतो, कारण रक्तातलं कोलेस्टेरॉल पेशीत शिरतच नाही. बहुतेक रुग्णांच्या पेशींवर कोलेस्टेरॉलचे कण पकडणारं ग्राहक प्रथिन एक तर नसे किंवा निकामी असे. एका रुग्णाच्या पेशी मात्र कण नीट पकडत, तरी आत घेत नसत. हात होता, घास होता, तोंडापर्यंत पोचत नव्हता. १९७७ मध्ये रिचर्ड अँडरसन यांच्यासह त्यांनी दाखवलं, की निरोगी पेशीत ही ग्राहक प्रथिनं जाळीदार खळग्यांत गोळा होतात. त्या रुग्णाच्या पेशीत ती पटलावर इतस्ततः विखुरलेली होती. पुढे १९८६ मध्ये कारण सापडलं: ग्राहक प्रथिनाच्या शेपटीतलं एक अमिनो आम्ल बदललेलं. एका अक्षराने खळगीचा पत्ता चुकला होता.

आता कोण कुठे आहे हे पाहण्याची निकड होती. १९८५ मध्ये फ्रान्सिस ब्रॉडस्की यांनी क्लॅथ्रिनविरुद्ध एकल प्रतिपिंडांचा एक संच प्रसिद्ध केला. त्यातलं एक, एक्स-२२, मोठ्या साखळीला चिकटतं. हे माझ्या या लेखाचं नायक. ब्रॉडस्की यांच्याविषयी एक गोष्ट वाङ्मयीन मासिकाच्या वाचकांना सांगायलाच हवी: त्यांनी बी. बी. जॉर्डन या टोपणनावाने रहस्यकथाही लिहिल्या. साक्षीदार तपासण्याची सवय त्यांना दोन्हीकडून होती म्हणायची.

एक्स-२२ कसं वापरतात? काचेच्या पट्टीवर वाढवलेल्या पेशी रसायनाने जागच्या जागी थिजवायच्या. पटलाला बारीक छिद्रं पाडायची, म्हणजे प्रतिपिंडाला आत जाता येईल. मग ते ओतायचं, थांबायचं, न चिकटलेलं धुऊन टाकायचं. त्यावर दुसरं प्रतिपिंड, जे उंदराच्या कुठल्याही प्रतिपिंडाला चिकटतं आणि ज्याच्या अंगावर चमकणारा रंग असतो. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, की पेशीभर हिरवे ठिपके. आश्विनातल्या रात्री लांबच्या डोंगरावरून गावाकडे पाहावं तसे. प्रत्येक ठिपका म्हणजे एक टोपली. विद्यार्थी हे पहिल्यांदा पाहतो तेव्हा हटकून गप्प होतो. त्या गप्प होण्याचंच मला भय वाटत आलं आहे. कारण त्याला दिसतो तो रंग. क्लॅथ्रिन दिसत नाही. रंग दुसऱ्या प्रतिपिंडावर, ते पहिल्यावर, आणि पहिलं क्लॅथ्रिनवर बसलं आहे, हे ऐकीव.

एक्स-२२च्या बाबतीत हे ऐकीव पारखून घेतलं गेलं. १९८७ मध्ये स्टीफन डॉक्सी, ब्रॉडस्की, आरी हेलेनियस आणि सहकाऱ्यांनी क्लॅथ्रिनविरुद्धची प्रतिपिंडं जिवंत पेशीत सोडली, तर पेशीचं गिळणं बरंच मंदावलं आणि विषाणूंचा शिरकावही घटला. साक्षीदाराने नुसतं बोट दाखवलं नाही, आरोपीचा हात धरला आणि काम थांबलं. शिवाय एक्स-२२ बनवणारी पेशी अमेरिकेतल्या सार्वजनिक पेशीसंग्रहात ठेवली गेली. आज जगात कुठेही ‘एक्स-२२’ म्हटलं तर कशाविषयी बोलणं चाललं आहे ते सगळ्यांना कळतं.

प्रतिपिंडावाचून साक्ष मिळवण्याचा दुसराही एक मार्ग आहे, आणि त्यात मुंबईचा वाटा आहे. १९७३ मध्ये व्हँकुव्हरला डेव्हिड सुझुकी यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीचा एक विचित्र वाण सापडला. तापमान ३० अंशांच्या आसपास गेलं की माश्या लुळ्या पडत, गार केलं की उठून चालू लागत. नाव ठेवलं ‘शिबिरे’, जपानीत बधिर होणं. अशा उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या ओबेद सिद्दिकी यांनी काम केलं. १९७६ मध्ये त्यांचा आणि सीमोर बेंझर यांचा त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे तिथेच के. एस. कृष्णन यांनी ही परंपरा चालवली. शिबिरे माशीच्या मज्जातंतूंच्या टोकांशी पाहिलं, तर खळग्या पडलेल्या, पण देठापाशी अडकून राहिलेल्या. १९९१ मध्ये कळलं, की तिच्यात बिघडलेलं जनुक डायनॅमिन या प्रथिनाचं आहे, जे खळगीचा देठ आवळून तोडतं. इथे कुणा साक्षीदारावर विसंबावं लागलं नाही. प्रथिन बिघडलं, काम थांबलं. या माश्यांनी शिकवलेला धडा असा, की एखादी गोष्ट काय करते हे पाहायचं असेल तर ती नसताना काय होतं ते पाहा.

हा धडा प्रतिपिंडांच्या बाजाराने मात्र फारसा घेतला नाही. मिलस्टाइन यांची मोकळी वाट वापरून जगभर कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या सूचीत लाखो प्रतिपिंडं आली. बहुतेकांच्या बाटलीवर प्रथिनाचं नाव असतं, पण प्रतिपिंडाची स्वतःची घडण, म्हणजे त्याचा अमिनो आम्लांचा क्रम, लिहिलेला नसतो. तो व्यापारी गुपितात मोडतो. साक्षीदाराने जबानी द्यायची, पण नाव-गाव सांगायचं नाही, अशातला हा प्रकार.

२०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि अँड्रियास प्ल्यूकथुन यांनी ११० सहस्वाक्षरीकारांसह ‘नेचर’मध्ये जाहीर मागणी केली, की संशोधनात वापरल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांचा क्रम उघड असावा आणि ती त्या क्रमावरून बनवली जावीत. निकृष्ट प्रतिपिंडांपायी जगात दरवर्षी ८० कोटी डॉलर वाया जातात, असा त्यांचा अंदाज होता. ‘एकल’ प्रतिपिंडांचा एकलेपणाही तपासल्यावर डळमळला. २०१८ मध्ये १८५ संकरित पेशी तपासल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांश पेशी मूळ साखळ्यांखेरीज जादा साखळ्याही बनवत असल्याचं आढळलं. एकटा म्हणून बोलावलेला साक्षीदार मागे कुणाला तरी घेऊन आला होता.

या गोंधळावरचा सर्वांत सरळ उपाय पुढे आला तो एंडोसायटोसिसच्या अभ्यासकाकडूनच. पीटर मॅकफर्सन माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात क्लॅथ्रिनच्या पिशव्यांतली प्रथिनं शोधत आले होते. त्यांनी, कार्ल लाफ्लाम यांनी आणि सहकाऱ्यांनी एक रीत बसवली. जे प्रथिन तपासायचं, ते भरपूर असलेली पेशी घ्यायची. जनुक कापण्याचं तंत्र वापरून तिची अशी जुळी बहीण बनवायची, जिच्यात ते प्रथिन अजिबात नाही. मग दोघींवर तेच प्रतिपिंड वापरायचं. पहिलीत ठिपके आणि दुसरीत अंधार, तर साक्ष खरी. दोन्हीकडे ठिपके, तर साक्ष खोटी. शिबिरे माशीचाच धडा, दुसऱ्या रूपात. २०२३ मध्ये या गटाने ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ बाजारी प्रतिपिंडांचा निकाल जाहीर केला. दर प्रथिनामागे सरासरी १२ निबंध असे निघाले, ज्यांतली माहिती ते प्रथिन ओळखूच न शकणाऱ्या प्रतिपिंडावर उभी होती. चांगली बातमीही होती: निम्म्याहून अधिक प्रथिनांसाठी एक तरी उत्तम प्रतिपिंड उपलब्ध होतं, आणि क्रमावरून बनवलेली प्रतिपिंडं सरासरीने सरस ठरली. कंपन्यांना निकाल दाखवल्यावर त्यांनी अपेक्षेला न उतरलेल्यांपैकी सुमारे २० टक्के प्रतिपिंडं विक्रीतून काढली आणि सुमारे ४० टक्क्यांच्या शिफारशी बदलल्या.

क्लॅथ्रिनच्या मोठ्या साखळीला मात्र ही परीक्षा जशीच्या तशी लावता येत नाही. ती पूर्ण काढली तर बहुतेक पेशी मरतात. मग तिचं प्रमाण तात्पुरतं घटवून ठिपके त्या मानाने विझतात का, ते पाहावं लागतं. म्हणजे जे प्रथिन जितकं अटळ, तितकी त्याच्या साक्षीदाराची परीक्षा अवघड.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक धार आहे. बाहेरून येणाऱ्या प्रतिपिंडाच्या एका छोट्या कुपीत पाण्याचे दोन-तीन थेंब भरतील इतकाच द्रव असतो आणि तिची किंमत बरेचदा संशोधक विद्यार्थ्याच्या महिन्याच्या फेलोशिपइतकी असते. फेलोशिप महिना ३७ हजार रुपये. मोठ्या संस्थेत कुपी वाया गेली तर दुसरी येते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याची एक कुपी म्हणजे प्रबंधाचं एक प्रकरण. जुळी बहीण बनवून परीक्षा घेण्याची सोय त्याच्याकडे नसते. त्याला बाटलीवरच्या अक्षरांवर विश्वास ठेवावा लागतो, आणि त्या अक्षरांमागे काय आहे हे विचारायचा हक्क त्याला किंमत मोजूनही मिळत नाही. वाईट साक्षीदाराची शिक्षा अशी सर्वांत गरीब फिर्यादीला होते.

म्हणून मिलस्टाइन यांच्या फुकट वाटपाकडे परत यायचं. पेटंट न घेण्याने ब्रिटनचं किती नुकसान झालं याचा हिशेब पुष्कळांनी मांडला आहे. मला त्याची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. मोकळेपणाने दिलेली पेशी कुणीही वाढवू शकतं, तपासू शकतं, चूक दाखवू शकतं. एक्स-२२वर चार दशकं विश्वास टिकला, तो त्याच्या जन्मदात्रीच्या नावामुळे नव्हे. पेशी सार्वजनिक संग्रहात होती आणि उलटतपासणीला हजर होती, म्हणून. आता तोच मोकळेपणा अमिनो आम्लांच्या क्रमाच्या रूपाने देता येतो. क्रम उघड असेल तर तेच प्रतिपिंड मुंबईत, छत्रपती संभाजीनगरला, कोल्हापूरला बनवता येईल, पुन्हा पुन्हा, उंदराशिवाय. सरकारी पैशातून तयार होणाऱ्या प्रतिपिंडांना तरी ही अट घालायला कुणाची हरकत असू नये.

पेशी रोज लाखो खळग्या पाडते आणि मिटवते. त्यासाठी तिला आपल्या साक्षीची गरज नाही. गरज आपल्याला आहे. ज्या रुग्णाच्या पेशीत घास तोंडापर्यंत पोचत नव्हता, त्याचं कारण शोधायला नऊ-दहा वर्षं लागली, आणि त्या प्रत्येक वर्षी कुणीतरी विचारत होतं: हे दिसतं आहे ते खरंच तेच आहे ना? पुढच्या वेळी हिरव्या ठिपक्यांचं एखादं देखणं चित्र वर्तमानपत्राच्या विज्ञानपुरवणीत छापून आलं, तर वाचकांनीही हा प्रश्न विचारावा. तो विचारायला प्रयोगशाळा लागत नाही.